आवाज थांबले, तरी काम का होत नाही?

स्किझोफ्रेनिया म्हटलं की कानात येणारे आवाज आणि संशय एवढंच आठवतं. औषधांनी हे बऱ्याच जणांत आटोक्यात येतं. तरीही कॉलेज पुरं होत नाही, नोकरी टिकत नाही, आणि घरात सुरू होतं, "आता बरा आहेस ना, मग नुसता बसून का?" ही वाक्यं ऐकणाऱ्या शुभार्थींसाठीच, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांसाठी, हे लिहावंसं वाटलं. बऱ्याचदा तो आळस नसतोच.

एक साधी चाचणी पाहा. वरच्या ओळीत १ ते ९ आकडे, प्रत्येकाचं ठरलेलं चिन्ह. खाली आकड्यांच्या रांगा. दोन मिनिटांत जमतील तितकी चिन्हं काढायची. चुका फारशा होत नाहीत, पण पेन्सिल हळू सरकते. या आजारात सर्वांत जास्त फटका बसतो तो अशा चाचण्यांमध्ये, म्हणजे मेंदूच्या कामाच्या वेगाला.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा होतो आहे. त्यांची बुद्धिमापन चाचणी लहानपणी आणि पुन्हा ३८व्या वर्षी झाली. ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, त्यांचा बुद्ध्यंक लहानपणीच सरासरीने थोडा कमी होता आणि नंतर आणखी घटला. घट मुख्यतः वेग, नवं शिकणं आणि कामाची आखणी यांत होती. शब्दज्ञान बरंचसं टिकलं होतं. घरच्यांची गफलत होते ती इथेच. माणूस नीट बोलतो, म्हणून बाकी सगळंही जमत असणार असं आपण धरून चालतो.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला 'अकाली बुद्धिभ्रंश' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्या नावाने फार लोकांची आशा मारली. अल्झायमरसारखी सतत उतरती कळा बहुतेकांत दिसत नाही.

आजाराची औषधं भास-संशयावर चालतात, बुद्धीच्या या अडचणींवर फारशी नाही. उलट या औषधांमुळे होणारा हातांचा कंप थांबवायला सोबत दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल ही गोळी स्मरणशक्ती मंदावू शकते, कारण स्मृतीला लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाचंच काम ती अडवते. ती अजून हवी आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

या अडचणींवर मेंदूच्या सरावाचा उपयोग होतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेमध्ये बसवलेल्या सरावांत मिसळलेली धान्यं निवडून वेगळी करणं, छापील मजकुरातलं एकच अक्षर शोधून खोडत जाणं अशी कामं असतात. रोज थोडा वेळ, हळूहळू अवघड करत न्यायची. सोबत नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी प्रत्यक्ष मदत मिळाली, तर रोजच्या जगण्यात जास्त फरक पडतो. आणि घरी काम सांगताना एका वेळी एकच सांगावं, मोठी यादी असेल तर कागदावर लिहून द्यावी.