मूठ शाबूत, छाप गायब

भेट म्हणून वाटलेल्या खिशातल्या चाकूवर देणाऱ्याचं नाव ठसठशीत छापलेलं असतं. चाकू चांगला असतो, नाव मात्र नकोसं वाटतं. ते पुसायला पहिला हात जातो नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटलीकडे. लाल, चकचकीत मुठीची सगळ्यात मोठी वैरी नेमकी हीच बाटली.

असं का, हे कळण्यासाठी ही छपाई कशी होते ते पाहू. मुठीचा पृष्ठभाग गोलसर असतो, म्हणून त्यावर बहुधा पॅड प्रिंटिंग करतात. कोरलेल्या प्लेटमधली शाई सिलिकॉनच्या मऊ पॅडने उचलायची आणि मुठीवर दाबायची. वाळल्यावर उरणारा थर साधारण १० मायक्रॉनच्या आतला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. शाईत रंगकण असतात, ते धरून ठेवणारं रेझिन असतं आणि द्रावक असतो. हा द्रावक मुद्दाम असा निवडलेला असतो, की त्याने प्लास्टिकचा वरचा पापुद्रा किंचित मऊ व्हावा आणि रेझिनने तिथे घट्ट पकड घ्यावी. थोडक्यात, शाई आणि मूठ यांचा स्वभाव आधीच जुळवलेला असतो. छाप काढायची खरी अडचण ही आहे.

कोणता द्रव कोणतं प्लास्टिक विरघळवेल, याचा अंदाज बांधायची एक पद्धत चार्ल्स हॅन्सन यांनी १९६७ मध्ये मांडली. रेणूंमधल्या आकर्षणाचे त्यांनी तीन भाग केले आणि प्रत्येकाला आकडा दिला: सगळ्याच रेणूंमध्ये असणारं मूलभूत आकर्षण, रेणूच्या धन-ऋण टोकांमुळे येणारं आकर्षण आणि हायड्रोजन बंध. द्रवाचे आणि प्लास्टिकचे हे तिन्ही आकडे जवळजवळ असले, तर द्रव प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतो, त्यांना फुगवतो आणि शेवटी सुट्या करतो. आपल्याला हवा असा द्रव, जो शाईच्या जवळचा आणि मुठीपासून लांबचा असेल. असा द्रव प्रत्येक वेळी सापडतोच असं नाही.

म्हणून आधी मूठ कशाची आहे ते पाहायचं. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या ९१ मिलिमीटरच्या नेहमीच्या लाल चाकूची मूठ सेलिडॉरची, म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट ब्युटिरेट या प्लास्टिकची असते. नेलपॉलिश रिमूव्हरमधला ॲसिटोन लागला की ती मऊ पडते, चिकट होते आणि तिची झळाळी कायमची जाते. ‘ॲसिटोनमुक्त’ रिमूव्हरवर तर मुळीच विसंबू नये. त्यात पुष्कळदा एथिल ॲसिटेट हे दुसरं द्रावक असतं आणि तेही तितकंच वाईट. एबीएस या कडक प्लास्टिकची मूठही या दोघांपुढे टिकत नाही. नायलॉनचं तसं नाही. त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना बांधलेल्या आणि बऱ्याच अंशी स्फटिकासारख्या रचलेल्या असतात, त्यामुळे ॲसिटोन त्याचं फारसं काही बिघडवत नाही. मूठ कशाची हे कळत नसेल, तर ॲसिटोनला हात लावू नये, हे उत्तम.

सौम्य द्रवापासून सुरुवात करावी. आधी साबणाचं कोमट पाणी, मग लायटरमध्ये भरायचं पेट्रोल, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको आणि पाती मिटलेली असावीत. मुठीतली दातकोरणी ओढून काढली की तिच्या खाचेच्या तोंडाशी चाचणीला जागा मिळते. ईअरबड द्रवात बुडवून निथळून घ्यावा, तिथे काही सेकंद टेकवावा आणि उचलून पाहावा. कापसावर मुठीचा रंग आला, किंवा बोट लावल्यावर ती जागा चिकटली, तर तो द्रव बाद. काहीच झालं नाही, तर छापावर तोच प्रयोग.

इथे वेळेचं भान महत्त्वाचं. शाईचा थर इतका पातळ असतो की द्रव काही सेकंदांत त्याच्या तळाशी पोचतो. पुढे जो वेळ जातो, त्यात फक्त मुठीचं नुकसान होतं. ओला बोळा ठेवून चहाला जाऊ नये. टेकवायचं, पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग पुन्हा. सेलिडॉरची मूठ आतल्या रिव्हेटच्या टोकांवर दाबून बसवलेली असते, त्यामुळे तिथल्या प्लास्टिकवर ताण असतो. ताणलेल्या प्लास्टिकला एरवी निरुपद्रवी असलेला द्रवही तडा देऊ शकतो, म्हणून टोकांकडे ओघळ जाऊ देऊ नये.

काही शायांमध्ये त्या कडक करणारा हार्डनर मिसळलेला असतो. त्यांच्या रेझिनच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडल्या जातात. त्या विरघळत नाहीत, फार तर फुगतात. अशा वेळी घासण्याला पर्याय नाही. प्लास्टिकच्या बारीक पॉलिशने मऊ कापडावर, हलक्या हाताने घासावं. चकचकीत मुठीवर हे जमून जातं. खरखरीत, निस्तेज नायलॉनवर मात्र घासलेली जागा तुळतुळीत होते आणि नावाऐवजी तिथे चकाकणारा डाग दिसतो. स्वयंपाकघरात वापरतात तो पांढरा मेलामाइन स्पंजही बारीक सँडपेपरसारखाच चालतो, हे लक्षात ठेवावं.

चाकू वर्षानुवर्षं उन्हात वापरलेला असेल, तर शाई पूर्ण निघूनही अक्षरं दिसू शकतात. छापाखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो आणि आजूबाजूचा विटलेला. पॉलिशने विटलेला थर थोडा उतरला तर हा फरक कमी होतो.

लेझरने उमटवलेल्या नावाला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. तिथे शाई नसतेच. प्लास्टिकच जळून किंवा फेसाळून रंग बदललेलं असतं. तिथे मुठीची ती बाजू उचकटून नवी बसवणं हाच उपाय, आणि सेलिडॉरच्या चाकूंना सुट्या बाजू मिळतात.