मोशन कंट्रोलने व्हायब्रेशन कमी करणं

फास्ट मशीनची स्लाइड किंवा रोबोचा हात जागेवर येऊन थांबला तरी टोक थोडा वेळ थरथरत राहतं, ती थरथर पार्ट जाडजूड न करता नुसता हालचालीचा आदेश बदलून मारायची ही पद्धत. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात सायकल टाइमवरून (एक जॉब पुरा व्हायला लागणारा वेळ) रोज डोकेफोड चालते तिथे हे फार कामाचं, कारण स्पीड वाढवून वाचवलेला वेळ थरथर थांबायची वाट बघण्यातच जातो.

समजायला सगळ्यात सोपं म्हणजे शॉपमधली ओव्हरहेड क्रेन. हुकाखाली ४ मीटरवर जॉब लटकतोय, त्याचा एक पूर्ण झोका साधारण ४ सेकंदांचा. एकदम फुल स्पीड दिला की जॉब झुलणारच. पण आधी अर्धा स्पीड द्या, २ सेकंद थांबा, मग उरलेला अर्धा द्या, दुसऱ्या धक्क्याचा झोका पहिल्याच्या बरोबर उलटा पडतो आणि जॉब सरळ लटकत पुढे जातो! मुरलेला ऑपरेटर हे बटणावरच्या बोटाने करतो, कंट्रोलर गणिताने करतो, त्याला इनपुट शेपिंग म्हणतात. मूळ कल्पना ओ. जे. एम. स्मिथ यांची, १९५७ ची, नाव पॉसिकास्ट. पण फ्रिक्वेन्सी जरा चुकली की ती फसायची, म्हणून एमआयटीच्या सिंगर आणि सीरिंग यांनी १९९० मध्ये चूक पोटात घेणारं रूप मांडलं, त्यात धक्के तीन, पाव-अर्धा-पाव, पण अख्ख्या एका झोक्याएवढा उशीर होतो. मशीन २० हर्ट्झला थरथरत असेल तर हा उशीर ५० मिलिसेकंदांचा, दोन धक्क्यांत निम्मा. थ्रीडी प्रिंटरवाली पोरं क्लिपर या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच वापरतात, कोपऱ्यापाशी उमटणाऱ्या लाटा जातात.

दुसरा रस्ता एस-कर्व्ह, म्हणजे अॅक्सिलरेशन खटकन न देता चढवत नेणं. कॅममध्येही (फिरता फिरता दुसरा पार्ट ढकलणारी वेड्यावाकड्या आकाराची चकती) तेच, आणि इथे एक गंमत आहे: पॅराबोलिक कॅमपेक्षा (अर्धा वेळ एकसारखं अॅक्सिलरेशन, अर्धा वेळ तेवढंच उलटं) सायक्लॉइडलचं (साइन वेव्हसारखं चढतं-उतरतं) कमाल अॅक्सिलरेशन ५७ टक्के जास्त, तरी हाय स्पीडला शांत सायक्लॉइडलच चालतो, कारण त्यात अॅक्सिलरेशन कुठे उडी मारत नाही.

फक्त यातलं काहीही स्वतःच्या हालचालीने उठलेल्या थरथरीपुरतंच, शेजारच्या पॉवर प्रेसने जमीन हादरत असेल किंवा कपलिंगच ढिलं असेल तर प्रोग्रामरला बोलवायच्या आधी पाना घ्यावा.