माळ्यावरून उतरवलेलं औषध

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या एका आयसीयूबाहेर आमचे नऊ दिवस गेले. मावशीचे यजमान न्यूमोनियाने आधी मुरबाडजवळच्या नर्सिंग होममध्ये होते, तिथून कल्याणला आणि मग ठाण्यात. इथे आल्यावर व्हेंटिलेटर लागला. सातव्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कल्चर रिपोर्ट येऊन पडला. जंतूचं नाव क्लेब्सिएला न्यूमोनिए, खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. सगळ्यात शेवटी कोलिस्टिन, त्याच्यापुढे ‘आय’.

“आय म्हणजे इम्प्रूव्हिंग का रे?” मावशीने विचारलं.

आय म्हणजे इंटरमीजिएट. धड लागू नाही, धड निकामी नाही. डॉक्टर बाहेर येऊन एवढंच म्हणाले की मेरोपेनेम लागू पडत नाही, कोलिस्टिन चालू करतोय, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल. त्या एका अक्षरामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, हे मला नंतर वाचताना कळलं.

रिपोर्ट तयार होतो तो असा. थुंकीचा नाहीतर रक्ताचा नमुना बशीतल्या खाद्यावर वाढवतात. मॅकाँकी नावाच्या खाद्यावर क्लेब्सिएला गुलाबी, बुळबुळीत ठिपक्यांनी उगवतो. काही प्रकार तर इतके चिकट असतात, की तारेच्या लूपने उचलले की काकवीसारखी तार धरतात. मग दुसऱ्या बशीवर जंतू पसरून औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती पुरेसं मोठं मोकळं वर्तुळ दिसलं तर औषध चाललं. ही पद्धत १९६६ मध्ये अमेरिकेत बाउअर आणि कर्बी यांनी प्रमाणित केली आणि अजून चालू आहे. पण कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो आगरमध्ये, म्हणजे बशीतल्या त्या घट्ट खाद्यात, नीट पसरतच नाही, म्हणून त्याची चकती फसवते. त्याची चाचणी द्रवात, औषध निम्म्यानिम्म्याने पातळ करत जाऊन करावी लागते. पुरेशा डोसलाही हे औषध बेभरवशाचं ठरतं म्हणून, चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने २०२० मध्ये क्लेब्सिएलासारख्या जंतूंसाठी कोलिस्टिनपुढचा ‘एस’, म्हणजे ‘लागू’, काढूनच टाकला. तेव्हापासून ते निकष पाळणाऱ्या प्रयोगशाळेत कोलिस्टिनला उत्तमात उत्तम शेरा मिळतो तो ‘आय’.

कोलिस्टिन सापडलं जपानमध्ये, १९४९ च्या सुमारास, मातीतल्या एका जंतूपासून. क्लेब्सिएलासारख्या जंतूंना बाहेरून एक जादा आवरण असतं, त्याला चिकटून हे औषध ते फाडतं. १९५० च्या दशकाअखेरीस ते वापरात आलं. पण किडन्या दुखावतात, मज्जासंस्थेवर परिणाम होतो, अशा तक्रारी वाढल्या. जेंटामायसिनसारखी नवी औषधं हाती आल्यावर डॉक्टरांनी ते हळूहळू बाजूला ठेवलं. आपण जुना स्टोव्ह माळ्यावर टाकतो तसं. फेकायचं नाही, पण वापरायचंही नाही.

खाली मात्र वेगळंच नाटक चालू होतं. ऑक्सफर्डमध्ये पहिल्या रुग्णाला पेनिसिलिन टोचलं १९४१ च्या फेब्रुवारीत. त्याआधीच, १९४० च्या डिसेंबरात, तिथल्याच एब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम जंतूंमध्ये असल्याचं छापलं होतं. १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणात फ्लेमिंग यांनी कमी डोसने जंतू सरावतात असं बजावलं. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बनू लागलं. तोवर लंडनच्या वॉर्डांमध्ये त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जंतू रुळलेही होते. त्यांच्यासाठी मेथिसिलिन आणलं, तर १९६१ मध्ये इंग्लंडमधूनच त्याला दाद न देणाऱ्यांची बातमी आली.

याहून महत्त्वाचं कोडं जपानमध्ये १९५९ च्या सुमारास सुटलं. हगवणीच्या शिगेलात चार-चार औषधांचा प्रतिकार एकदम कसा येतो? उत्तर निघालं, तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. जंतूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त डीएनएची छोटी वर्तुळं असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. प्रतिकाराची जनुकं त्यांच्यावरून जातात. शेजारीण वाटीभर विरजण मागायला येते, तसं हे आहे. तिला दिलं तरी आपल्या भांड्यातलं संपत नाही आणि तिच्याकडेही दही लागतं. आतड्यातला साधा ई-कोलाय क्लेब्सिएलाला असं विरजण देऊ शकतो.

सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिक गटाला तोडणारी एन्झाइम्स १९८० च्या दशकात दिसू लागली, तेव्हा हाताशी इमिपेनेम होतं आणि पुढे मेरोपेनेम. कार्बापेनेम गटाची ही औषधं म्हणजे आयसीयूतलं ‘हायर अँटिबायोटिक’. तीही तोडणारी एन्झाइम्स मग सापडत गेली. इटलीतल्या व्हेरोनाच्या नावाची एक जात, ब्राझीलच्या साओ पावलोच्या नावाची दुसरी. जिथे सापडलं तिथलं नाव, असा रिवाज होता.

२००७ च्या डिसेंबरात दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या, मूळच्या भारतीय रुग्णाच्या लघवीत नवं एन्झाइम मिळालं. नाव पडलं न्यू डेली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१. इथे आपल्याकडचा एक तपशील लोक विसरतात. ज्या निबंधावरून गदारोळ झाला, तो ऑगस्ट २०१० मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आला. त्याच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियनांच्या मासिकात छापलं होतं की, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये हे एन्झाइम आहे. म्हणजे ठाण्याहून लोकलने तासाभरावरची गोष्ट आणि तीही आपल्याच डॉक्टरांनी सांगितलेली. पण संसदेत आणि वाहिन्यांवर वाद रंगला तो नावावर. मेडिकल टुरिझमला मारायचा डाव आहे, अशी ओरड झाली. दिल्लीचं नाव दिल्याबद्दल लॅन्सेटच्या संपादकांनी जानेवारी २०११ मध्ये खेद व्यक्त केला. राग अगदीच अनाठायी होता असं मी म्हणणार नाही. पण त्या महिन्यांत वॉर्डातल्या हात धुण्याच्या बेसिनवर जितकं बोलायला हवं होतं, तितकं बोललं गेलं नाही, हेही खरं.

कार्बापेनेम असे हातचे जाऊ लागले आणि माळ्यावरचं कोलिस्टिन खाली आलं. अडचण अशी की ते ज्या काळातलं, त्या काळी आजच्यासारख्या डोसच्या कसोट्या नव्हत्या. अमेरिकेत ते मिलिग्रॅममध्ये मोजतात, आपल्याकडे मिलियन युनिटमध्ये. आयसीयूतली सिस्टर “नऊ मिलियन लोडिंग” म्हणते ते यामुळे. मग क्लेब्सिएलाने यावरही तोड काढली. एमजीआरबी नावाचं त्याचं एक जनुक बिघडलं की आवरणाचा विद्युतभार बदलतो आणि औषध चिकटायची जागा जाते. त्यातच २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनचा प्रतिकार विरजणासारखाही पसरतो, एमसीआर-१ नावाच्या जनुकाने. तिथे डुकरांच्या खाद्यात कोलिस्टिन सर्रास होतं. आपल्याकडे ते कोंबड्यांची वजनं वाढावीत म्हणून दिलं जाई. त्यावर केंद्राने बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये.

कायदे तसे आहेत. शेड्युल एच-१ ही औषधविक्रीच्या नियमांतली यादी मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातलं औषध विकताना केमिस्टने डॉक्टर, पेशंट आणि प्रमाण वेगळ्या रजिस्टरात लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक त्या यादीत आहे. आमच्या नाक्यावर त्याची पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या मिळताना मी पाहिल्या आहेत, चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी लाल रेघ बरोब्बर मधोमध कापलेली. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीत, इमिपेनेम लागू पडणाऱ्या क्लेब्सिएलाचं प्रमाण २०१६ मध्ये ६५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ४३ टक्क्यांवर आलं.

यात आपल्या जिल्ह्याची घडण गुंतलेली आहे. शहापूर, मुरबाड, भिवंडीचा पेशंट आधी गावच्या दवाखान्यात दोन-तीन इंजेक्शनं घेतो, मग कल्याणला, मग ठाण्यात किंवा कळव्याला, आणि तिथूनही जमलं नाही तर मुंबईत. प्रत्येक मुक्कामी नवं अँटिबायोटिक, नवी सलाइनची सुई, लघवीची नळी. असा जंतू आतड्यात महिनोन् महिने मुकाट बसू शकतो आणि पेशंटबरोबर ॲम्ब्युलन्समधून पुढच्या वॉर्डात जातो. काकांच्या फायलीत तीन ठिकाणांची कार्डं होती. जंतू कुठला, ते त्या कार्डांवरून सांगणं शक्य नव्हतं.

कोलिस्टिन सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तब्येत सांगणारा रक्तातला आकडा, वाढलं आणि ते थांबवावं लागलं. मग डॉक्टरांनी माळ्यावरचा आणखी एक डबा काढला. अझट्रिओनॅम, १९८० च्या दशकातलं औषध. एनडीएमला हे तोडता येत नाही. पण क्लेब्सिएलाकडची बाकीची एन्झाइम्स ते तोडतात, म्हणून त्यांना अडवणारं ॲव्हिबॅक्टम सोबत लागतं. ते आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत सेफ्टाझिडिमशी जोडलेलंच मिळत होतं. त्यामुळे एकाच स्टँडवर दोन बाटल्या टांगून दोन्ही औषधं एकाच वेळी सोडायची. सिस्टरने दोन्ही पंपांचे आकडे जुळवले, घड्याळ बघितलं आणि चार्टवर लिहिलं, “दोन्ही सोबत, तीन तास.”