‘हा तानपुरा बुवांचा आहे’: जुनं वाद्य विकायला आणण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे जुना तानपुरा, सतार किंवा पेटी विकायला आणणारे बरेच जण पहिल्यांदा वाद्य उघडत नाहीत, नाव सांगतात. मिरजेत तर जुना तानपुरा निघाला की तो खाँसाहेबांचा असल्याचं हमखास कानावर येतं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले, १९३७ साली गेले. त्यांच्या हाताखालचं एखादं वाद्य कुणाच्या माळ्यावर असूही शकेल, म्हणून आम्ही कुणालाच उडवून लावत नाही.

नावाने भाव वाढतो का? वाढतो. बीटल्स या बँडमधल्या जॉन लेननची एक गिब्सन गिटार २०१५ साली अमेरिकेतल्या लिलावात २४ लाख डॉलरला गेली. ती १९६३ साली गहाळ झाली होती आणि पुढे कितीतरी वर्षं दुसऱ्याच माणसाकडे होती. ती लेननचीच हे ठरलं सिरीयल नंबरावरून, आणि लाकडाच्या रेषा जुन्या फोटोंशी जुळल्या त्यावरून. म्हणजे भाव वाढवला तो पुराव्याने. नुसतं नाव तर ती ज्याच्याकडे होती त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता ज्या एका चुकीपायी तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ जातो, ती सांगतो. कृपा करून वाद्य दाखवायला आणण्याआधी पॉलिश करून आणू नका.

गेल्या वर्षी एक तानपुरा आला. घरच्यांकडे मैफलीचा फोटो होता. बुवा गातायत, मागे शिष्याच्या मांडीवर तानपुरा, भोपळ्याला बोटभर चीर, दांडीवरच्या नक्षीतलं एक पान गळालेलं. इतका बोलका फोटो क्वचित मिळतो. पण तानपुरा समोर आला तो चकचकीत. चीर बुजवलेली, नक्षी नवी, खुंट्या नव्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी नवी. जुनी घोडी कुठे आहे विचारलं, तर टाकून दिली म्हणाले. आमचे कारागीर तीन दिवस भिंग घेऊन तबलीच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीच्या, रेषा शोधत होते, पण जाड पॉलिशखाली काही दिसेना. तो तानपुरा बुवांचा असेलही. आम्हाला मात्र साध्या जुन्या तानपुऱ्याचाच भाव देता आला, आणि त्याचं आम्हालाही फार वाईट वाटलं.

म्हणून धूळसुद्धा पुसू नका. तुटलेली खुंटी, गळालेला मणी, जुन्या तारा, गवसणी म्हणजे वाद्याची खोळ, आत चिकटवलेली कारागिराची चिठ्ठी, सगळं आहे तसं आणा. सोबत फोटो, पत्र, खरेदीची पावती, जे असेल ते. स्वाक्षरीबद्दल विशेष सांगायला हवं. कार्यक्रमानंतर कलाकाराने प्रेमाने सही केली म्हणजे वाद्य त्यांचं होत नाही. महोत्सवात त्यांच्या मागे वाजलेला तानपुराही पुष्कळदा भाड्याने आणलेला असतो.

काही जण म्हणतात, तुम्ही नावाचे पैसे द्यायला कां-कू करता. खरं आहे. आमचं बहुतेक गिऱ्हाईक गाणं शिकणारी मुलं आहेत. ती जवारी, म्हणजे तारांची घुमणारी झार, ऐकून तानपुरा घेतात, आणि ज्या नावाचा पुरावा नाही त्याचे पैसे आम्ही त्यांच्याकडून घेणार नाही. पुरावा पक्का निघाला, तर मात्र वाद्य आम्ही स्वतः कमी भावात घेऊन ठेवत नाही. संग्राहकाशी तुमची थेट गाठ घालून देतो आणि ठरलेली दलाली घेतो.

घोडीला किंवा नक्षीला हस्तिदंत असेल तर आधीच सांगा. त्याचा व्यापार कायद्याने बंद आहे, कितीही मोठं नाव असलं तरी. परदेशातल्या मंडळींनी हेही लक्षात ठेवावं की शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, आणि मग ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वाद्य तेवढं जुनं वाटत असेल तर तिकीट काढण्याआधी आम्हाला दाखवा.

तपासणीचे पैसे आम्ही आगाऊ घेतो, कारण त्यात कारागिराचा निम्मा दिवस जातो. वाद्य आमच्यामार्फत विकलंत किंवा दुरुस्तीला दिलंत, तर ते बिलातून वजा होतात. नाव सिद्ध होवो न होवो, लाकूड, भोपळा, जवारी आणि दुरुस्तीचा अंदाज लिहिलेला कागद तुम्हाला मिळतोच. येण्याआधी फोन करा, आणि वाद्य गवसणीतच असू द्या.