गॉल लोकांचा शिंगवाला देव म्हणजे पशुपती?

‘प्राचीन गॉल लोक शिवपूजक होते, डेन्मार्कच्या चांदीच्या घंगाळावर पशुपतीच आहे’ हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. (गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स.) मांडी घालून बसलेली शिंगवाली आकृती, भोवती प्राणी. मोहेंजोदडोला सापडलेली ‘पशुपती’ मुद्रा (कोरीव शिक्का) आठवणं साहजिकच. पण दोन्ही फोटो शेजारी ठेवून शिंगं बघा. मुद्रेवर म्हशीसारखी, घंगाळावर मात्र फांद्या फुटलेली हरणाची. हातात मेंढ्याच्या शिंगांचा साप. तसला साप गॉलमधल्या इतर शिल्पांतही भेटतो. पॅरिसला १७१० साली सापडलेल्या दगडी स्तंभावर तर अशाच हरणशिंगी देवाच्या डोक्यावर ‘केर्नुनोस’ असं नावच कोरलंय. शिवाय मुद्रा घंगाळापेक्षा सुमारे २००० वर्षं जुनी, आणि तिच्यावरची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. म्हणजे मुद्रेवर शिवच आहे, हेही (लोकप्रिय असलं तरी) अनुमानच.