टायगर मॉथ (डी हॅविलंड डीएच ८२)

टायगर मॉथ हे एकावर एक असे दोन पंख असलेलं ब्रिटिश ट्रेनर विमान. पहिलं उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१, पुढच्याच वर्षी रॉयल एअर फोर्समध्ये दाखल, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, भारत अशा सगळीकडच्या हजारो पोरांनी पहिल्यांदा विमान चालवायचा दांडा धरला तो याच विमानात. एकूण ८ हजारांहून जास्त बनली.

याचा आकार असा का झाला ते बघण्यासारखं आहे. डी हॅविलंड कंपनीच्या आधीच्या मॉथ विमानात पुढच्या सीटच्या डोक्यावरच वरचा पंख यायचा, मग पॅराशूट बांधलेला इन्स्ट्रक्टर अडचणीच्या वेळी बाहेर पडणार कसा? म्हणून पंखाचा मधला भाग पुढे सरकवला, पण त्यामुळे विमानाचा तोल बिघडायला लागला, तर मग पंखांची टोकं मागे ओढली. बाजूने बघितलं की हे लगेच लक्षात येतं.

इंजिन जिप्सी मेजर, १३० हॉर्सपॉवरचं. सेल्फ स्टार्टर नाही, खाली उभं राहून कुणीतरी हाताने प्रोपेलर फिरवायचा. मूळ मॉडेलला ब्रेक नाहीत, शेपटीला चाकाऐवजी नुसती घसरपट्टी, कॉकपिट उघडं. शिकणारा मागे बसायचा, इन्स्ट्रक्टर पुढे, आणि बोलणं चालायचं रबरी नळीतून. इंजिनाच्या आवाजात त्या नळीतून शिव्या तेवढ्या नीट ऐकू येत असणार असं मला कायम वाटतं!

हे विमान उडवायला सोपं पण चांगलं उडवायला अवघड, असं वैमानिक सांगतात. मला तर हाच याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो, कारण चूक केली तर सहसा जिवावर बेतत नाही, पण चूक झाली हे लगेच कळतं, वळताना पायाने चालवायचं रडर (शेपटीवरचं सुकाणू) कमीजास्त झालं की विमान बाजूला घसरतं आणि वारा सरळ गालावर येतो.

याचंच एक भावंड म्हणजे क्वीन बी, रेडिओवर चालणारं बिनपायलटचं विमान, तोफखान्याला नेमबाजीच्या सरावासाठी.

आपल्याकडे युद्धकाळात बेगमपेट आणि जोधपूरच्या शाळांत यावर ट्रेनिंग व्हायचं. जेआरडी टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणलं ते विमान मात्र पस मॉथ, त्याच कंपनीचं पण एका पंखाचं, लोक बऱ्याचदा गल्लत करतात. पुढे ५० च्या दशकात एअर फोर्समध्ये टायगर मॉथची जागा बंगळुरूत बनलेल्या एचटी-२ या ट्रेनर विमानाने घेतली. एक टायगर मॉथ मात्र दुरुस्त करून पुन्हा उडतं केलं आणि २०१२ च्या एअर फोर्स डेला ते दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर उडालं.