हौदातला गप्पी आणि लॅपटॉपमधला गप्पी

खानापूरकडं पाऊस लागला की लाइटीचा भरवसा नाही, मग लॅपटॉपात चार्ज आहे तोवर मी आणि भाचा मासे पैदास करायचा गेम खेळत बसतो. मारामारी नाही, टायमर नाही, हरायचं तर नाहीच, दोन मासे निवडायचे, पिल्लं बघायची, आवडलं ते ठेवायचं. डोकं एकदम शांत.

परवा मात्र भाचा वैतागला. त्याला पांढरा मासा पाहिजे होता. आई-बाप दोघं काळे पण दोघांच्यात पांढऱ्याचा जीन लपलेला, म्हणजे आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलच्या हिशोबानं चारात एक पांढरं यायला पाहिजे की, आणि इथं आठही पिल्लं काळी. "मामा, गेम फसवालाय." गेम ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो, म्हटलं चल कोडच उघडून बघू. फसवाफसवी कुठंच नव्हती. प्रत्येक पिल्लासाठी कॉम्प्युटर आईच्या दोन जीनमधला एक उचलतो, बापाच्या दोनातला एक, नाणं उडवल्यासारखं, आणि आधीचं पिल्लू काय निघालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काळं यायचा चान्स पाऊण, पाऊण आठ वेळा गुणला की येतं साधारण 0.1. म्हणजे दहातल्या एका खेपेला असं व्हायचंच.

मग त्यानं हाच हिशोब मागच्या हौदातल्या गप्पींना लावायचं ठरवलं (डासांसाठी सोडलेत, शेजारच्या कन्नड काकू त्यांना 'मीनु' म्हणतात). पण तिथं गणित बसेना. गप्पीत रंगाचे बरेच जीन वाय क्रोमोसोमवर असतात, आणि तो फक्त नराकडं. योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञानं 1920 सालीच दाखवलं होतं, नराच्या पाठीवरच्या पंखावरचा काळा ठिपका बापाकडनं सरळ मुलग्यांना जातो, मुलींना नाही. आमच्या गेममध्ये नर-मादी सगळ्यांना एकच नियम! भाच्यानं बसून चार ओळी वाढवल्या, आता ठिपका बरोबर बापाकडनं मुलग्यांना जातोय. दुसऱ्याचा कोड असा हक्कानं दुरुस्त करता येतो, मला तर खेळण्यापेक्षा यातच जास्त मजा आली.

एक गोष्ट अजून जमली नाही. हौदातली एक मादी त्यानं बरणीत एकटी ठेवली होती, तिला पिल्लं झाली, महिन्याभरानं परत झाली, आणि आई विचारायली की नर नाही तर ही आली कुठनं. गप्पीची मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते म्हणे, म्हणे कशाला, ठेवतेच. गेममध्ये मात्र बटण दाबलं की बाप ठरला, विषय संपला. हे कोडमध्ये कसं बसवायचं म्हणून भाचा कालपासनं डोकं खाजवालाय, आणि तिकडं बरणीतली मादी स्वतःचीच दोन पिल्लं खाऊन बसली.